बेलटोल्याचं घर

"येवढंच, बाई?" सुकरीने दारातूनच विचारले.

कुंताने कापडी पिशवीच्या बंदांची गाठ मारली. आत एक पातळ, एक झंपर, टॉवेल, कंगवा, मंजनाची पुडी आणि नवऱ्यासाठी जवसाच्या चटणीचा छोटा डबा. पिशवी अजून अर्धी रिकामीच होती.

"महिन्यातून एकदा नवऱ्याकडं जाऊन राह्यली अन् पिशवी पाहा," सुकरी म्हणाली. "मी बाजारात जातो तं याहून मोठं गाठोडं नेतो."

कुंता हसली. दोन दिवसांसाठी ओझं कशाला, असं तिने सांगितलं, सुकरीच्या हाती किल्ली दिली आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली.

चामोर्शीपासून आत, जंगलाच्या कडेला असलेल्या बेलटोल्याच्या उपकेंद्रात कुंता रामटेके नर्सबाई होती. सुकरी गावातली जुनी दाई. सरकारी बाई आली म्हणजे आपल्या पोटावर पाय आला, या समजुतीने पहिले काही महिने तिने कुंतापुढे तोंड उघडलं नव्हतं. पुढे एका अडलेल्या बाळंतपणात दोघींनी मिळून रात्र काढली आणि तेव्हापासून सुकरी तिच्या ओसरीवरची झाली. औषधं, लशीचा डबा, वजनकाटा हे सगळं खांद्यावर घेऊन कुंता आसपासच्या पाड्यांवर फिरायची. चार-चार दिवसांच्या फिरतीलाही तिचं स्वतःचं सामान त्या कापडी पिशवीत मावायचं. संध्याकाळी नाल्यावर पातळ धुवायचं, सकाळी तेच नेसायचं.

ही सवय नोकरीने लावलेली नव्हती. तिचे वडील देवराव लाकूडतोडीच्या कामावर असत. एका ठिकाणची तोड संपली की मुकादम सांगायचा आणि अख्खं बिऱ्हाड उचलून पुढच्या जंगलात जायचं. ज्याला जे डोक्यावर नेता येईल ते त्याचं. बाकीचं तिथेच राहायचं. लहानग्या कुंताने अशी कितीतरी ठिकाणी मातीची चूल, लाकडाची बाहुली, दारात लावलेला झेंडू मागे सोडला होता. तिची आई मनकर्णा मात्र नवीन झोपडी उभी राहिली की कुडाला लिंपण घालून त्यावर बोटांनी चार पांढऱ्या रेघा ओढायचीच. महिन्याभरात निघायचं आहे तर हे कशाला, असं वडील म्हणायचे. आई म्हणायची, महिनाभर तर पाहायचं आहे ना.

त्यामुळे कुंता ओझं न घेता चालायला शिकली आणि तिच्या मनात भिंतीची भूकही राहून गेली.

ही भूक बेलटोल्याला भागली. उपकेंद्रामागच्या दोन खोल्या तिला राहायला मिळाल्या तेव्हा तिथे वटवाघळांची घाण होती. तिने सुकरीला घेऊन नदीकाठची पांढरी माती आणली, चुन्यात नीळ कालवून भिंतींना हात दिला. मग गेरूने दाराच्या चौकटीपासून एक वेल काढायला घेतली. ती वेल खिडकीला वळसा घालून कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून वर चढली. कधी फिरतीवरून आल्यावर, कधी सुट्टीच्या दुपारी कुंता तिला आणखी पानं काढायची. भिंतीतच मातीचे कप्पे घडवले, त्यांच्या कडांना आरशाचे तुकडे बसवले. एका कप्प्यात बुद्धाची लहानशी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. लग्नातल्या विटक्या शालूचा पडदा केला. बुरडाकडून बांबूच्या चट्या विणून घेतल्या. धान कापणीला आलं की लोंब्यांची झालर विणून दारावर टांगायची, चिमण्या यायच्या. लस टोचायला पोरं घेऊन आलेल्या बाया आत डोकावून जायच्या आणि कुंताच्या पुढच्या फिरतीला त्यांच्यापैकी एखादीच्या दाराशीही तशीच वेल निघालेली दिसायची.

या घराबद्दल घनश्यामला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, काही ठाऊक नव्हतं.

तो भद्रावतीच्या कारखान्यात फिटर होता. वसाहतीत त्याला क्वार्टर होतं. एकाच गावी बदली मिळेना म्हणून लग्नापासून दोघं असेच राहत होते. तो अबोल, सरळ माणूस. बेलटोल्याला तो एकदाच, तिला रुजू करायला आला होता आणि वटवाघळं पाहून गेला होता. पुढे तीच जायची. चामोर्शी, गडचिरोली, चंद्रपूर असं गाड्या बदलत संध्याकाळपर्यंत पोचायची. क्वार्टरमध्ये एक लोखंडी खाट, स्टो, दोन पातेली आणि कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर. पांढऱ्या भिंती दवाखान्यासारख्या. कुंता पिशवी खुंटीला टांगायची, भाकरी-भाजी करायची, त्याच्या शर्टांची बटणं लावायची. दुसऱ्या दिवशी पिशवी काढून निघायची. घनश्याम तिला स्टँडवर सोडायला यायचा. दोघंही एकमेकांना जपत होते, पण पाहुणे जपतात तसे.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर आतल्या पाड्यांवर गोवर पसरला. कुंता पाच दिवस तिकडेच होती. सहाव्या दिवशी दिवेलागणीला ती परतली तर ओसरीवर सुकरी बसलेली. तिने नुसतीच आत मान केली.

घनश्याम खोलीच्या मधोमध चटईवर बसला होता. कारखान्याला सुट्टी होती. दर महिन्याला बायकोच का म्हणून प्रवास करते, असं वाटून तो न कळवता आला होता. दुपारपासून तो तिथेच होता. सुकरीने केलेला चहा त्याच्यापुढे तसाच गार झाला होता.

कुंताने पाय धुतले. कधी आलात, जेवलात का, असं विचारलं. तो सगळ्याला मान हलवत होता. त्याची नजर भिंतीवरून फिरत होती.

"हे सारं तूच केलं?"

"सुकरीनं मदत केली."

त्याने उठून वेलीच्या एका पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मले वाटे, तुले घराची हौसच नाई."

कुंता कंदिलाची काच पुसत होती. तिचा हात थांबला.

"काऊन वाटलं असं?"

"सहा वर्षं झाले. तिथी तू एक फोटो नाई लावला. फळीवरचा एक कप्पा मी तुह्यासाठी रिकामा ठेवला, कागद अंथरून. तू पिशवी उघडतच नाई, खुंटीले टांगते. मी समजलो, इले इथी राहाचं नाई. मंग मी विचाराचंच सोडलं."

हे तो रागाने म्हणाला असता तर कुंताला सोपं गेलं असतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. कितीतरी दिवस स्वतःशी बोललेली गोष्ट माणूस जशी सांगतो, तसं तो सांगत होता. त्या रिकाम्या कप्प्याकडे तिने कधी नीट पाहिलंही नव्हतं. त्याचं सामान कमी आहे, एवढंच तिला वाटलं होतं.

"पयल्या वर्षी मी पडदा आणला होता," ती हळूच म्हणाली. "अन् बुद्धाचा फोटो. शेजारच्या ताराबाईकडून हातोडी मागून आणली होती. तुमी म्हटलं, खिळे ठोकू नको, क्वार्टर आपलं नाई, जातानी जसंच्या तसं द्या लागते."

घनश्यामने कपाळाला आठी घालून आठवून पाहिलं. त्याला आठवत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नवी नोकरी, नवं क्वार्टर, मनात धाक. तेव्हा सहज बोलून गेला असेल. त्याच्या लेखी तो दिवस झालाच नव्हता. कुंता मात्र सहा वर्षं त्या एका वाक्याच्या धाकात वावरली होती. तिने हातोडी परत नेऊन दिली होती आणि त्या भिंतींकडे पुन्हा पाहिलं नव्हतं.

"हे तरी कुठी आपलं हाये?" घनश्यामने विचारलं. भांडायचं म्हणून नाही. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"नाई. पण इथी मले तसं कोणी म्हटलं नाई."

कुंताने भात टाकला. जेवताना त्याने भाजी दोनदा मागून घेतली. झोपताना कंदील बारीक करायला ती उठली तर तो म्हणाला, राहू दे थोडा वेळ, पाहू दे.

तो दोन दिवस राहिला. जायच्या आदल्या दुपारी त्याने आपणहून गेरू मागितला आणि वेलीला एक पान काढलं. ते आंब्याएवढं जाड झालं. सुकरी तोंडाला पदर लावून हसली, घनश्यामही हसला. कुंताने ते पुसलं नाही.

दोघांनी वर्षानुवर्षं केलेल्या खटपटीला त्या उन्हाळ्यात यश आलं आणि कुंताची बदली भद्रावतीजवळच्या केंद्रात झाली. सुकरीला सांगताना कुंताचा आवाज आधी आनंदाने चढला आणि मध्येच बसला. सुकरीने फक्त, बरं झालं बाई, आपल्या माणसाजवळ जाता, एवढंच म्हटलं आणि तांदूळ निवडत राहिली.

सामान न्यायला घनश्याम मेटाडोर घेऊनच आला. चामोर्शीच्या नथ्थूची गाडी होती. घनश्यामने दोर आणले होते, जुनी पोती आणली होती, आरसे फुटू नयेत म्हणून धानाचं तणस आणलं होतं. घर उचलून न्यायचं, या तयारीनेच तो आला होता. खाट चढली, ट्रंक चढली, भांड्यांचं पोतं, एक खुर्ची, बुद्धाची मूर्ती आणि फोटो चढला. आणि मग तो खोलीत येऊन उभा राहिला. कप्पे भिंतीचेच होते, आरसे कप्प्यांचे. वेल भिंतीत मुरलेली होती. पडदा त्या खिडकीच्याच मापाचा होता. चट्यांनी कोपऱ्यांचा आकार घेतला होता.

"बस? येवढंच?" नथ्थूने विचारलं.

घनश्यामने कुंताकडे पाहिलं. ती म्हणाली, येवढंच.

नवी नर्स कमला त्याच सकाळी रुजू झाली होती. भंडाऱ्याकडची, विशीतली पोरगी. तिचे वडील तीन ट्रंका, गॅसची शेगडी, गाद्या असं सगळं बैलगाडीतून घेऊन आले होते आणि ओसरीवर त्याच्या राशीत ती रडवेली होऊन बसली होती. कुंताने तिला चहा दिला, पाण्याची विहीर दाखवली, सुकरीची गाठ घालून दिली. पाड्यांवर जाताना कुठला नाला दगा देतो ते सांगितलं. कमला खोलीत गेली आणि जरा वेळाने दारात आली.

"ताई, एक विचारू? हे भिंतीवरचं... मला जरा साधं आवडतं. चुना मारला तर चालेल का?"

सुकरीने झटकन मान वर केली. घनश्याम दोर गुंडाळत होता, तो तसाच थांबला.

कुंताने एकदा आत पाहिलं. खिडकीतून ऊन येऊन कोपऱ्यातल्या पानांवर पडलं होतं.

"मारा ना," ती म्हणाली. "घर तुमचं हाये आता. फक्त गेरू लवकर दबत नाई. दोन हात द्या, नाईतर खालून लाल दिसत राहते."

सुकरी गाडीपर्यंत आली नाही. विहिरीकडे जायचं म्हणून घागर घेऊन ती मागच्या बाजूने निघून गेली. कुंताने तिला हाक मारली नाही.

मेटाडोरचा मागचा भाग जवळजवळ मोकळाच होता. घनश्यामने कुंताला पुढे बसायला सांगितलं, पण ती मागे ट्रंकेवर बसली. गावाबाहेरच्या फाट्यावर चामोर्शीच्या बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. नथ्थूने गाडी थांबवली. मोहाची फुलं, काकड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक बोकड, सगळं वर चढलं. नथ्थूच्या शेजारची जागा घनश्यामने एका म्हातारीला दिली आणि तो मागे येऊन फळीला धरून उभा राहिला. बघता बघता पाय ठेवायला जागा उरली नाही. कुंताने खाटेवरचं पोतं सरकवून दोघींना बसवलं, एकीचं तान्हं पोर आपल्या मांडीवर घेतलं. ते तिच्याच हातावर जन्मलेलं होतं.

पोराची आई पलीकडच्या पाड्यावरची होती. बदलीचं तिच्या कानावर आलेलं नव्हतं.

"बाई, बुधवारी येता ना टोचाले?" तिने विचारलं. "याची एक सुई राह्यली."

कुंताने पोराच्या दंडावरचा आधीचा व्रण अंगठ्याने चाचपून पाहिला.

"बाई येईल," ती म्हणाली. "बुधवारी घरीच राहा."

गाडी नाल्याच्या उताराला लागली. टोपल्या एकमेकींवर घसरल्या, बाया हसल्या आणि कुंताने एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने कुणाचीतरी काकड्यांची टोपली घट्ट धरून ठेवली.