ताज्या कामावरची तारीख

बाबा गवंडी. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीवर टकटक करून "पोकळ आहे" म्हणणं हा त्यांचा जन्माचा छंद. मी हिरड्यांची डॉक्टर झाले, तेव्हाही "बघू" एवढंच म्हणाले होते.

त्यांच्या दाढेच्या मुळाजवळचं हाड झिजलं, तेव्हा मात्र ते माझ्याच खुर्चीत येऊन बसले. हिरडी उघडून मी मूळ खरवडलं आणि कापसाच्या बोळ्याने त्यावर सायट्रिक अ‍ॅसिड लावलं. बाबांच्या भुवया वर गेल्या.

"आई किटलीतला थर काढते ना, तेच हे. मुळावरचा थर गेला की नव्या पेशींना पकड मिळते."

तोंड उघडंच होतं, पण त्यांनी हाताने हवेत छिन्नी चालवून दाखवली. जुन्या भिंतीला टाचे मारल्याशिवाय नवा गिलावा धरत नाही, हे त्यांना कोण शिकवणार! मग मी मूळ धुतलं, हाडाची भुकटी भरली, टाके घातले.

दुसऱ्या दिवशी बघते तर बाबांच्या गालावर पेनाने तारीख लिहिलेली! आई हसून हसून बेजार.

"ताज्या कामावर तारीख घालतात," बाबा पुटपुटले. "म्हणजे कोणी हात लावत नाही."

नऊ महिन्यांनी एक्स-रेत नवं हाड दिसलं. बाबांनी तो बघितलाही नाही. माझ्या छोट्या आरशाच्या दांडीने त्यांनी दाढेवर टकटक केली, कान देऊन ऐकलं, पुन्हा टकटक केली. माझा जीव टांगणीला.

"भरीव आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्या बाजूच्या दाढेवर बोट ठेवलं. "हिचं काम कधी काढतेस?"