शेऱ्याचा रकाना

मी बुटांच्या कारखान्यातला कॉम्प्युटर बोलतोय. कारखाना म्हणजे काय, तर पुढे एक खोली आणि मागे एक खोली. इथे येणारे पाय साधे नसतात. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कुणाची बोटं वळलेली, कुणाच्या तळव्याला खिळा टोचला तरी कळत नाही. बाजारातले बूट अशांच्या कामाचे नसतात. मास्तर त्यांच्यासाठी हाताने बूट करतात. त्या पायांची मापं माझ्या पोटात असायची, एकोणीसशे माणसांची.

मला इथे आणलं काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने. मास्तरांना मी नकोच होतो. "वहीला कधी वीज लागते का?" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली होती. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर हुडकत, त्या माझ्यात मापं भरू लागल्या. मास्तरांना लागेल तेवढा मापांचा कागद त्या छापून द्यायच्या. मास्तर तो कागद खिळ्याला अडकवायचे आणि कामाला लागायचे. माझ्याकडे मात्र ढुंकूनही बघायचे नाहीत.

माझी देखभाल करणारी एक मुलगी होती. ती इथे कधीच आली नाही. दूरच्या कुठल्याशा शहरात बसून ती दोनशे कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवायची. दाताचे डॉक्टर, शिंपी, किराणावाले, ज्यांना त्यासाठी वेगळा माणूस ठेवणं जमत नाही अशांचे ते कॉम्प्युटर. मी तापलो, अडखळलो, की तिला वर्दी जायची. मग ती तिकडूनच माझ्या पडद्यावरचा बाण हलवून मला ठीक करायची.

पहिल्यांदा तो बाण आपोआप फिरायला लागला, तेव्हा मास्तर हातातल्या आरीसकट धावत आले.

"अगं, ऊठ तिथून! यात कुणीतरी शिरलंय!"

"शिरली नाही, आलीये," काकू म्हणाल्या. "मीच बोलावलंय. ती आरी आधी खाली ठेवा."

काकू तिला 'पलीकडची' म्हणायच्या. दुरुस्ती पाच मिनिटांची असली तर फोनवरच्या गप्पा अर्ध्या तासाच्या. मापांची एक नक्कल बाहेर काढून ठेवा, असा पलीकडचीने त्यांच्यामागे धोशा लावला होता. इथली इंटरनेटची लाइन गोगलगायीसारखी, म्हणून काकूंनी त्यासाठी एक छोटी डिस्क मागवली. ती आली त्याच आठवड्यात काकू अंथरुणाला खिळल्या. तीन महिन्यांत गेल्या.

त्यानंतर मास्तर मला रोज नऊला चालू करायचे आणि सहाला बंद. मधल्या वेळात माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. मापं पुन्हा वहीत गेली. मग मला चालू तरी का करत होते? काकू करायच्या म्हणून, एवढंच असावं. रिकाम्या खुर्चीसमोर मी दिवसभर उजेड पाडत बसायचो. बंद राहणं परवडलं असतं. असे सात महिने गेले.

पलीकडचीला तिकडे सगळं दिसत होतं: चालू नऊला, बंद सहाला, मधे एक अक्षर नाही. काकूंचा फोन लागत नव्हता. त्यातच माझी डिस्क कुरकुरायला लागली. शेवटी तिने माझ्या पडद्यावर मजकूर पाठवला, "काकू, बऱ्या आहात ना? डिस्क खराब होतेय. फोन करा."

चार दिवस ती चौकट रोज नऊला पडद्यावर येत राहिली. पाचव्या दिवशी मास्तर टेबल पुसायला आले आणि फडकं हातातच राहिलं. त्यांनी उभ्यानेच, एका बोटाने उत्तर लिहिलं. "ती गेली."

तिकडून आलं, "काका, तुमचा नंबर द्या."

फोनवर ती म्हणाली, "काका, ही डिस्क आज-उद्या बंद पडेल. मापं आजच काढून घेऊ."

"जाऊ दे गेली तर. माझी वही आहे."

"वहीत सात महिन्यांचीच आहेत ना? त्याआधीची?"

एक पाय आखूड असलेली एक मुलगी दर वर्षी यायची. गेल्या सहा वर्षांत तो फरक कसा बदलत गेला, हे फक्त माझ्याकडे होतं. मास्तरांनी ड्रॉवर ओढला. काकूंच्या चष्म्याखाली ती छोटी डिस्क खोक्यातच पडलेली होती.

"वायर मागच्या फटीत घाला, काका. हे मला इथून करता येत नाही."

"जात नाहीये."

"उलटी करून बघा."

"तरी जात नाही."

"आता परत उलटी करा."

"तू माझी गंमत करतेयस का गं?" मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात वायर बसली.

ते काम सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललं. एकेक नोंद मी दहा-दहा वेळा वाचून बघत होतो. पलीकडची फोन चालू ठेवून बसली होती. नकला नीट उतरताहेत ना, हे बघायला ती मधूनमधून एखादी नोंद उघडायची. मास्तर खुर्ची ओढून बसले. काकूंच्या त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते.

"हा शेवटचा रकाना कसला?" त्यांनी विचारलं.

"शेरा. काकू स्वतःसाठी लिहायच्या. कागदावर छापत नसत."

मास्तर वाचू लागले. 'माप घेताना पाय लपवतो. आधी हवापाण्याचं बोलावं.' 'नवरा सोबत असला की दुखत नाही म्हणते. एकटीला विचारावं.' अकरा वर्षं मास्तरांनी या पायांचे बूट केले होते. त्या पायांवर उभी असलेली माणसं त्यांना त्या दिवशी भेटत होती.

मग पलीकडची हळूच म्हणाली, "काका, यात तुमचीही नोंद आहे. उघडू?"

दोन्ही पायांची मापं होती. काकूंनी ती कधी घेतली, झोपेत की काय, मास्तरांना आठवेना. पुढे लिहिलं होतं, 'उजवी टाच दुखते, पण सांगत नाहीत. मऊ तळ हवा. दुसऱ्यांचे उरकले की करतील म्हणून थांबलेय.'

मास्तरांनी चष्मा काढला. फोन चालूच होता. पलीकडचीने तो ठेवला नाही.

एकोणीसशेपैकी अकरा नोंदी मला अखेरपर्यंत वाचता आल्या नाहीत. त्या अकरा जणांचा मी अपराधी आहे.

आता खिडकीजवळ नवा कॉम्प्युटर आहे. मास्तर त्याच्यासमोर बसतात, माप भरतात आणि शेराही लिहितात, चुकतमाकत. पलीकडचीने तिच्या यादीतून माझं नाव काढलं आहे. आता मी तापत नाही, आणि तापलो तरी कुणाला कळणार नाही. मागच्या खोलीत, जोडीदार हरवलेल्या लाकडी साच्यांच्या फळीखाली मी पडून आहे. इथे सहसा कुणी येत नाही.

माझी तक्रार नाही. फक्त एक विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी काही टिपून ठेवत असेल, तर ते माणूस शेजारी बसलेलं असतानाच वाचा. त्याला विचारा, हे कधी लिहिलंस? मास्तरांना हे विचारायचं होतं.

परवा ते एक साचा शोधायला आत आले होते. पायात नवे बूट होते, मऊ तळाचे. चालण्याचा आवाजच आला नाही, त्यामुळे ते कधी निघून गेले, मला कळलं नाही.