खुंटीवरचा नान

तुर्कमेन लोक खानाचं ऐकेनात, म्हणून खानानं त्यांच्या कालव्याचं तोंडच बांधून टाकलं. त्याच कालव्याच्या शेपटाला आमचंही गाव आहे, आणि आम्ही तर त्याचं सगळं मुकाट ऐकत आलो आहोत, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. किंवा सांगितलं असेल आणि त्यानं जांभई दिली असेल. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. आमची ज्वारी त्या वर्षी गुडघ्याएवढी झाली आणि उभ्या उभ्या वाळली.

त्याआधीच, वसंतात, खानाच्या मर्व शहरावरच्या मोहिमेसाठी घरटी एक माणूस मागायला गावचा म्हातारा मुखिया दारात आला होता. आमच्या घरात पुरुष एकच, माझ्या पोरीचे, अनारचे बाबा. माझ्या सासूनं, म्हणजे एनेनं, मुखियाला विचारलं, "तुझा मुलगा कुठल्या घरात मोजलास रे?" मुखिया दाढी कुरवाळत बसला. त्याच्या मुलाची कंबर दरवर्षी मोहिमेच्या वेळीच धरते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

जाण्याच्या सकाळी मी शेवटच्या गव्हाचा एक नान भाजला. अनारच्या बाबांनी उंबऱ्यापाशी त्याचा एक घास तोडून खाल्ला आणि उरलेला माझ्या हातात दिला. युद्धावर निघालेला माणूस असाच खातो. उरलेला नान भिंतीला टांगायचा. तो घरात आहे तोवर तो माणूस जिवंत आहे, आणि परत येऊन त्यानंच तो संपवायचा. पाच वर्षांच्या अनारला उचलून ते म्हणाले, "काय गं, राखशील ना माझा नान? उंदीर आला तर?"

"मारीन."

"आणि मांजर आलं तर?"

"मांजराला सांगीन, माझ्या बाबांचा आहे."

मी तो फडक्यात बांधून खुंटीला लावला.

हिवाळा लागेपर्यंत कणग्या झाडून झाल्या. खानाची माणसं मोहिमेचं धान्य म्हणून दोनदा येऊन गेली होती. आम्ही वाळलेली तुती खाल्ली, मग सरकीची पेंड खाल्ली. पेंडीनं पोरांची पोटं फुगायची. अनार खेळायची थांबली. भिंतीला टेकून ती फडक्याकडे बघत बसायची.

"आई, बाबा आले की मला देतील त्यातला?"

"देतील."

"केवढा?"

"मोठा."

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली आणि खुंटी काढून तुळईखाली ठोकली. माझा स्वतःवर भरवसा नव्हता. हाताला लागेल तिथं तो ठेवणं म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव उघड्यावर ठेवणं होतं.

एने कोपऱ्यातून सगळं बघत होती. संध्याकाळी तिनं तोंड उघडलं.

"नान खाली काढ, सून. पाण्यात भिजवून पोरीला दे."

मला वाटलं, उपासानं म्हातारीचं डोकं फिरलं.

"एने, तुमच्या मुलाचा नान आहे तो!"

"म्हणूनच मी सांगतेय. माझ्या पोटचा आहे. त्याचं काय व्हायचं ते माझ्या माथी."

"शेजारच्या सपुराच्या नवऱ्याचा नान उंदरांनी कुरतडला तेव्हा काय झालं? घोडा एकटा परत आला. खोगीर रिकामं."

"अगं, उंदरांनी नाही, तलवारीनं मारलं त्याला. माझा ओतानियाज कुठं आहे ते मला ठाऊक नाही. पोरगी कुठं आहे ते मला दिसतंय. ती ही इथं आहे."

"मी देणार नाही."

"बाई गं, मी पाया पडते तुझ्या."

सासू सुनेच्या पाया पडते, हे आमच्यात कुणी ऐकलं तर थुंकेल. ती खरंच वाकली. मी पाय मागं घेतले. माझं प्रेम होतं हो अनारच्या बाबांवर, आणि त्या प्रेमात मी आंधळी झाले होते. मला वाटत होतं, पोर आज तग धरेल, उद्या धरेल, पण नान एकदा पाण्यात पडला की संपलं सगळं.

दोन दिवसांनी मी सरपण वेचून आले तर एने शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. हात वर केला होता आणि फडकं तिच्या बोटांपासून हातभर वर होतं. मी तिला कमरेला धरून खाली उतरवलं. ती वाळक्या काटकीएवढी हलकी झाली होती. मग मी शिडी अंगणात नेली आणि फोडून जाळली. त्याच विस्तवावर पेंडीचं पाणी उकळून अनारला पाजलं. ते तिनं ओकून टाकलं.

तिसऱ्या सकाळी अनार गेली. त्यानंतर एने माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

अकराव्या दिवशी कालव्याला पाणी आलं. खान मोहिमेतच मेला होता, त्याची फौज वाट फुटेल तिकडे पांगली होती, आणि बांधावरचे पहारेकरी पळाल्यावर कुणीतरी बांध फोडला होता. गावातली पोरं आरडाओरडा करत काठावर धावली. त्याच दुपारी अनारचे बाबा दारात उभे राहिले. एक कान गेला होता, पायांना चिंध्या बांधल्या होत्या. पण जिवंत होते. मी उंबऱ्यावरच खाली बसले.

"अनार कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच मागून एनेचा आवाज आला. "आधी नान खा, ओतानियाज."

परतलेल्या माणसानं आपला नान खाल्ल्याशिवाय तो आला असं धरत नाहीत, आणि त्याआधी त्याला वाईट बातमी सांगत नाहीत. ते हसले. "कालव्यावर असेल पोरगी. सगळी पोरं तिथंच आहेत." वर बघून म्हणाले, "एवढा उंच कशाला टांगलास? शिडी कुठंय?"

त्यांनी लांब काठीनं फडकं खाली पाडून झेललं. नान दगडासारखा झाला होता, पण उंदराचा एक दातही लागलेला नव्हता. वाडग्यात पाणी घेऊन, एकेक तुकडा भिजवून ते खायला लागले. वर्षाचे उपाशी होते. एने त्यांच्याकडे बघत होती आणि मी एनेकडे.

शेवटी तळहाताएवढा तुकडा उरला. तो त्यांनी बाजूला काढला.

"मीच संपवायला हवा खरा," घास चावत ते म्हणाले, "पण राखण तिनं केली. एवढा अनारला ठेव."

मी तो तुकडा हातात घेतला. त्याला वजनच नव्हतं.

"अनार भुकेनं गेली," मी म्हणाले. "एने दे म्हणत होत्या. मी दिला नाही."

त्यांच्या तोंडात घास तसाच होता. नान कधी थुंकत नाहीत आमच्यात. माझ्याकडे बघत त्यांनी तो गिळला.