टिंबावरची अक्षत

मित्रांनो, मी एक जुना पामटॉप आहे, म्हणजे तळहातावर मावणारा संगणक. दिसायला चकचकीत, पण आतून घाबरट. बॅटरी पूर्ण उतरली की माझ्या पोटातलं सगळं पुसलं जातं. अशा जिवाने निवांत कसं राहावं?

मोबाईल अजून मोजक्याच खिशांत होते, तेव्हाची गोष्ट. परदेशी माल बाजारात नुकता धो धो येऊ लागला होता. उज्जैनला फ्रीगंजात एक नर्सिंगची शाळा होती. तिचे मालक भय्यासाहेब मला सिंगापूरहून घेऊन आले. रोग्याचं वजन माझ्या काचेवर काडीने टोचून लिहायचं, की औषध किती द्यायचं ते मी सांगायचो. पेपरात फोटो आला. भय्यासाहेब मोठे, मी छोटा. विद्यार्थिनी मला पाळीपाळीने वॉर्डात नेत. भय्यासाहेबांचा हुकूमच होता की मी हातात असताना कुणी कागदावर गणित करायचं नाही. मग यंत्र आणलं कशाला?

कौतुक मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग खंडेनवमी आली. कात्री, बीपीचं मशीन, स्टेथोस्कोप यांच्या रांगेत मलाही पाटावर बसवलं. काचेवर ओलं कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. एक दाणा घरंगळत चौकटीच्या फटीत शिरला आणि कुंकवाच्या पाण्याने तिथेच चिकटला. त्या कोपऱ्यात दशांशाचं टिंब होतं. आता तिथे काडी टोचली तरी मला काही कळेना. नमस्कार सगळ्यांनी केला. पुसलं कुणीच नाही.

दसऱ्यानंतर पहिली पाळी देवश्रीची होती. हुशार पोरगी, पण शिकवणाऱ्या कल्पना मॅडमना फार भिणारी. पास-नापास त्यांच्याच हातात होतं. वॉर्डात एका लेकराला झटके येत होते, मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. वजन साडेसात किलो. देवश्रीने सात टोचला, टिंब टोचलं, पाच टोचला. टिंब माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मी पंचाहत्तर वाचलं. वजनाचा पडदा गेला, उत्तराचा आला, साडेसात मिलिलिटर. मला कळत होतं की पंचाहत्तर किलोचं माणूस पाळण्यात मावत नाही. पण मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी नुसता लुकलुकत राहिलो.

देवश्रीने छोटी सिरिंज भरली. ती भरून गेली तरी औषध पुरं होईना. मोठी सिरिंज घ्यायला गेलेला तिचा हात मध्येच थांबला.

“दीदी, इससे ठीक हो जाएगा न?” लेकराच्या आईने विचारलं.

देवश्री लेकराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मॅडम, हे जास्त वाटतंय.”

“मशीन कभी झूठ बोलती है क्या? का इंदूरहून इंजिनियर बोलावू तुझ्यासाठी?” मॅडम म्हणाल्या. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. लेकराला पुन्हा झटका आला. “दे लवकर.”

देवश्रीने सिरिंज आणि मला, दोघांनाही ट्रेमध्ये ठेवलं.

“मी नाही देणार,” देवश्री म्हणाली.

कागद काढायची बंदी होती. तिने पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर गणित मांडलं. तो हात मॅडमच्या तोंडापुढे धरला. पाऊण मिलिलिटर. मॅडमनी दोनदा वाचलं आणि सिरिंजमधलं जास्तीचं औषध स्वतः सांडलं. पाऊणच दिलं. लेकरू शांत झोपलं, तेव्हा कुठे देवश्री रडली.

संध्याकाळी मॅडमनी माझ्यावर टिंब टोचून पाहिलं, ते उठेना, तेव्हा सुईने दाणा उकरून काढला आणि भय्यासाहेबांपुढे ठेवला. ते म्हणाले, पोरीने नीट दाबलं नसेल, देवाच्या अक्षतांना कशाला दोष देता. मला कपाटात कोंडलं, चार्जरची वायर तेवढी लावून ठेवली. देवश्रीचं नाव कुणी काढलं नाही. फोटो तर दूरच.

आज पुन्हा खंडेनवमी. पूजेसाठी वायर काढून मला बाहेर आणलंय. पाटावर माझ्या शेजारी नवा पामटॉप बसवलाय, माझ्यासारखाच चकचकीत. ताम्हणात कुंकू कालवलं जातंय. माझी बॅटरी उतरत आलीय, थोड्या वेळात हे सगळं मी विसरेन. म्हणून घाईने सांगतोय. पूजा करायची तर करा, पण मग ओल्या फडक्याने त्याला पुसा. आणि त्याने काहीही सांगितलं तरी सुई टोचण्याआधी एकदा लेकराकडे बघा.

अक्षता पडायला लागल्या, मित्रांनो. त्याला कुणीतरी पुसा.