रापणीची फाईल

मी फाईल बोलतेय. कपाटातली नव्हे हो, कंप्युटरातली. बारा स्लाइडची. माझा जन्म दोन हजार चारचा, मालवणजवळच्या एका शाळेच्या प्रदर्शनासाठी. मला केलं सेवरीना बाईंनी. विषय होता रापण, म्हणजे साऱ्या गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. बाईंचे पप्पा जासिंत रापणीतले जाणते. नवव्या स्लाइडवरचं स्पीकरचं चित्र दाबलं, की जासिंतआजो बोलायचे. स्पीकर ऐनवेळी रुसलाच तर वाचून दाखवता यावं, म्हणून बाईंनी त्यांचा शब्दन्‌शब्द खालच्या टिपणात टाइपही करून ठेवला होता.

प्रदर्शनात माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! पण पुढल्या वर्षी आजो गेले. मागोमाग कंप्युटर भंगारात निघाला. बाईंनी मला तेवढं पेनड्राइव्हवर घेतलं. त्यांना वाटलं, आवाज माझ्या पोटातच आहे. तो होता शेजारच्या फोल्डरात! पण फाईलचं कोण ऐकतो?

मग मी वीसेक वर्षं सुया-बटणांच्या डब्यात. माणसं वस्तू जपून ठेवतात आणि जपून ठेवल्याचंच विसरतात.

परवा डबा उघडला. बाईंच्या लेकीचं, डेलिशाचं लग्न ठरलेलं. आदल्या दिवशी रोस, म्हणजे नवरीला नारळाचा रस लावायचा कार्यक्रम. आजो गेले तेव्हा ही सहा वर्षांची.

"माका आजोचो आवाज आठवणाच नाय गो मम्मी. रोसाक तेवढो तरी ऐकव."

नव्या लॅपटॉपात मी उघडले आणि माझी मलाच लाज वाटली. फोटो ठीक, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिखल. माझा जुना फॉन्ट त्याच्या ओळखीचाच नव्हता.

"ह्या खंयच्या भाषेत लिवलंस?" डेलिशा खिदळली.

मग तिने स्पीकर दाबला. आवाजाची फाईल सापडत नाही, असं आलं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. हसू पळालं.

"म्हणजे आजो आता पुरोच गेलो," ती म्हणाली.

बाईंची नजर टिपणावर. पहिलाच शब्द: ई, के, डी, के. त्यांची बोटं टेबलावर आपोआप हलली. तेव्हा ज्या कळा दाबल्या, तीच ही अक्षरं! डोळ्यांना कळेना, पण बोटांना सगळं पाठ.

"ई म्हणजे म... के म्हणजे कानो... डी म्हणजे क... माका! माका गो! पप्पाच बोलतत!"

अर्धी दुपार बाई टेबल बडवत होत्या आणि लेक लिहून घेत होती.

"माका लिवक-वाचूक येणा नाय. पण रापणीचो कायदो येता. दोरयेक ज्येणा हात लायलो, त्येका वाटो. सगो असो, परको असो, ल्हान पोर असो. मासळी कमी गावली म्हणान कोणाक रिकाम्या हातान धाडूचा नाय."

रोसाच्या मांडवात बाईंनी हे उभं राहून वाचलं. डेलिशा पाटावरूनच ओरडली, "ऐकलास मा? मगे कोणी लांब रवा नकात. हात लावा!" मग कडेला उभे वाढपी, बँडवाले, सगळेच नारळाच्या रसात हात बुडवून पुढे आले. नवरी नुसती निथळत होती!

आता डेलिशाने माझ्यातली सगळी अक्षरं नव्याने टाइप केलीत. कुठेही उघडते मी. आवाज मात्र गेला तो गेलाच.

तुमच्या घरातही माझी एखादी बहीण पडली असेल. बाबांनो, शोधा तिला. तिला टाइप करणारी बोटं चालतायत, तोवरच उघडा.