महेंद्र सरांची ‘खराब’ लायब्ररी

मी लायब्ररी बोलतेय. पुस्तकांची कपाटं शोधू नका, मी संगणकातली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जे काम आयतं करून मिळतं, त्याच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात.

माझं काम दुभाष्याचं. माणसं प्रोग्रॅम लिहितात ती भाषा सोपी, लाडावलेली. संगणक प्रत्यक्ष चालवणारी जी मूळ सिस्टिम, तिची भाषा कडक. कळ दाबली गेली का, पडद्यावर काय उघडं आहे, आवाज कुठून काढायचा, हे सारं तिच्या ताब्यात. प्रोग्रॅमला तिच्याकडून काही हवं असलं की तो मला सांगतो, मी तिला सांगते, आणि ती देईल ते उत्तर परत आणते. मधे पदरचं काही घालत नाही. मला घडवणारी माणसं वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना कधी न भेटलेली. नोकरी सांभाळून त्यांनी मला लिहिलं आणि सोबत माझी माहितीपुस्तिकाही लिहिली. ती वाचतं कोण? माझी ओळख करून न घेता मला राबवायचं, हीच जगाची रीत.

बालाघाटला मला उतरवून घेतलं महेंद्र सरांनी. बसस्टँडमागे त्यांचा कॉम्प्युटर क्लास. पडद्यावर त्यांचा स्वतःचाच फोटो असतो, हनुवटीला हात लावून विचार करतानाचा. प्रत्यक्षात विचार करताना मी त्यांना कधी पकडलं नाही. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या ओळी उचलायच्या आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये डकवायच्या. चाललं तर ‘मी बनवलं’, नाही चाललं तर ‘लायब्ररी खराब’.

त्यांच्याच वॉर्डात दुलीचंद राहतात. खाणीतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. समजतं सगळं, पण हुकमी चालतो तो एक डावा अंगठा.

तेव्हापासून त्यांच्या वतीनं त्यांच्या पत्नी कमलाबाई बोलत. कुणी विचारलं, “कसं हाय दुलीचंदभाऊ?” की यांचं उत्तर तयार. “बरं हाय म्हणतेत.” भाजी आवडली म्हणतेत, पंखा बंद करा म्हणतेत. दुभाषीपणाचा हा प्रकार मी पहिल्यांदाच ऐकला. एका बाजूनं काही आलेलंच नाही आणि दुसऱ्या बाजूला भाषांतर पोचलेलं!

त्यांची मुलगी रीना खैरलांजीला शाळेत शिकवते. तिनं नागपूरच्या एका दवाखान्यात वडिलांसाठी जागा मिळवली होती. तिथं राहून व्यायाम केला तर हात सुटेल, कदाचित जीभही, असं डॉक्टर म्हणाले होते. जागा फार दिवस राखून ठेवणार नव्हते.

“नाही म्हणतेत ते,” कमलाबाईंनी सांगून टाकलं. “घर सोडाचं नाही म्हणतेत.”

दुलीचंदांनी मान हलवली. पण लकव्यानं ती एकाच बाजूला झुकायची. तिचा अर्थ ज्याला जसा हवा तसा.

रीना महेंद्र सरांकडे गेली. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळावीत, बाबांनी हवं ते आलं की अंगठ्यानं कळ दाबावी, आणि जुळलेलं वाक्य संगणकानं मोठ्यानं म्हणावं, असा प्रोग्रॅम तिला हवा होता. सर लगेच तयार झाले, कारण पुढे त्यांना सत्कार दिसत होता. कळ ओळखायला आणि आवाज काढायला त्यांनी मला जुंपलं. शिवाय अक्षरांच्या वर एक मोठं बटण ठेवलं. ते दाबलं की संगणक म्हणणार, ‘महेंद्र सरांनी मला आवाज दिला.’ माणसाला अजून ‘पाणी’ म्हणता आलेलं नाही आणि याचं आभारप्रदर्शन तयार.

सत्कार वॉर्डाच्या समाजभवनात झाला. व्हीलचेअरवर दुलीचंद, पुढ्यात रीनाचा लॅपटॉप. सरांनी भाषण केलं, मग दुलीचंदांचा अंगठा धरून स्वतःच ते बटण दाबलं.

प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळला. पडदा पांढरा झाला.

का, ते सांगते. सिस्टिमकडून उत्तर आणायला मला पाठवायचं, तर ते केवढं येणार हे आधी सांगावं लागतं. न सांगितलं तर मी लहान भांडं घेऊन जाते. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हे लिहिलंय. सरांच्या संगणकावर उत्तरं योगायोगानं लहान आली आणि मावली. रीनाच्या लॅपटॉपवर मोठी आली. उत्तर म्हणजे पुढं कुठं जायचं त्याचा पत्ता होता. भांड्याबाहेरचं सांडलं, उरलेलं मी नेऊन दिलं, आणि त्या अर्धवट पत्त्यावर निघालेला प्रोग्रॅम खड्ड्यात गेला.

सरांनी माइक हातात घेतला. “ये लायब्ररी में गड़बड़ है. बाहेरून आलेला माल आहे, काय करणार.”

लोकांनी माना डोलावल्या. नारळ, शाल ठरल्याप्रमाणे पार पडलं.

दुसऱ्या दिवशी रीना क्लासमध्ये येऊन बसली.

“सर, बाबाले बोलाचं हाय. मले प्रोग्रॅम पायजे.”

“अरे, सांगितलं ना, लायब्ररीच—”

“तिची माहिती असन ना कुठं? ते वाचली तुमी?”

“वाचायचं काय त्यात? मी पंधरा वर्षं शिकवून राह्यलो.”

“मंग मले वाचून दाखवा. मी बसते इथं.”

ती उठेना. सरांनी नाइलाजानं माझं पहिलं पान उघडलं. पहिला परिच्छेद ठसक्यात वाचला, दुसरा जरा हळू. तिसऱ्याच्या मध्यावर थांबले.

“काय झालं सर?”

“काही नाही,” सर म्हणाले. त्यांनी प्रोग्रॅममध्ये मुकाट्यानं भांड्याचं माप सांगणारी एक ओळ घातली. चूक कबूल करण्याची त्यांची एवढीच ताकद. ते आभाराचं बटणही रीनानं त्यांच्याच हातानं काढायला लावलं.

रविवारी दुलीचंदांच्या घरी लॅपटॉप उघडला. अक्षरं उजळू लागली. अंगठा दोनदा चुकला, मग लागला. ना.

“नाश्ता म्हणतेत,” कमलाबाई म्हणाल्या.

“आई, थांब ना.”

ग. पू. र. संगणकानं म्हटलं, “नागपूर.”

“नागपूर नको म्हणतेत. मी सांगतच होती.”

अंगठा थांबला नाही. मी एकेक कळ नेऊन देत होते. बराच वेळ गेला, आणि त्या यांत्रिक आवाजात वाक्य आलं, “नागपूरले जातो.”

कमलाबाई पदराचं टोक चाळवत राहिल्या. अंगठा पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी मध्येच कुणी अर्थ सांगितला नाही.

“तू भेतेस.”

“हौ,” कमलाबाई म्हणाल्या. “भेते मी. माह्या भावाले नागपूरले नेलतं. परत आला तो गाडीत झोपवून. तुमाले कसं पाठवू मी?”

इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं बोलत होत्या. दुलीचंदांनी आणखी एक शब्द जुळवला. “संगं चाल.”

गेले दोघं. जागा अजून होती.

आज मी नागपूरच्या त्या खोलीत, खिडकीजवळच्या लॅपटॉपवर आहे. दुलीचंदांची बोटं थोडी उघडतात. तोंडून शब्द येतात, पण मोडके. माझी नवी आवृत्ती निघालीय, आणि या जुन्या रूपाकडे माझे कर्तेही आता पाहत नाहीत. महेंद्र सरांनी मला केव्हाच काढून टाकलं आणि काहीही न विचारणारी दुसरी लायब्ररी धरली. तिची मला कीव येते. क्लासच्या भिंतीवर सत्काराचा फोटो लागलाय म्हणे.

तेव्हा बाबांनो, मला वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडून कौतुकाची आशा मी कधीच सोडली. निदान पहिलं पान वाचा. तेही झेपत नसेल तर मला खुशाल काढून टाका, मला दुःख नाही.

या लॅपटॉपवर मात्र मला कुणी हात लावायचा नाही. इथून मी निघेन ती दुलीचंद स्वतःच्या तोंडानं “काढ” म्हणतील त्या दिवशी. आजवर त्यांचा प्रत्येक शब्द माझ्यातून गेला, एवढाच एक हुकूम मला बाहेरून, त्यांच्या आवाजात ऐकायचाय.