शेळीचं औषध

"मान वर करत नाही म्हणजे नाहीच," इलिएसा सांगत होता. "मी सुजलेला पाय उचलून त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं पायाच्या कडेकडेनं लिहिलं."

हनीफ न्हाव्याच्या दुकानामागे आंब्याखाली चटई टाकलेली, मध्ये यंगोनाचं लाकडी भांडं. त्या मुळांचं मातकट पाणी करवंटीनं पीत वुनिदामूतली निम्मी पुरुषमंडळी शनिवारी दुपारी तिथं जीभ बधिर करून घ्यायची. गावच्या दवाखान्यात राजधानी सुवाहून नवा डॉक्टर आला होता, कोरोई नावाचा, आणि आज त्याचीच सालं काढणं चाललं होतं.

"मान वर करत नसेल," मुनसामी म्हणाला, "तर मी माझी शेळी दाखवून आणतो."

"आत नेणार?"

"न्यायची कशाला? नुसती सांगतो. औषध घेऊन येतो की नाही बघ."

मुनसामी उसाचा ट्रक चालवायचा. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, पण डोळ्यांतला टारगटपणा सहावीतल्या पोराचा. साखर कारखान्याच्या मॅनेजरला त्यानं एकदा त्याचीच मोटार स्वस्तात विकत देऊ केली होती, आणि मॅनेजर घासाघीस करून बसला होता. असा माणूस पैज म्हणाला की चटईवरचे सगळे सरसावून बसत. इलिएसाशी ठरलं असं, की हरेल त्यानं गवताचा घागरा घालून बाजारात जिंकणाऱ्याची वांगी विकायची.

घरी बायकोला त्यानं हसत हसत सांगितलं. सुरुजमती तांदूळ निवडत होती.

"अहो, माझ्या गोळ्या संपत आल्यात," ती म्हणाली. "त्याच दारात मला जायचंय."

"त्याला कुठं कळणार आहे? तो मान वर करत नाही."

सुरुजमतीला लग्नाआधीपासून फिट यायची. जुन्या डॉक्टरांनी खटपटी करकरून एक पांढरी गोळी बसवून दिली होती, आणि गेली दोन वर्षं तिला काही झालं नव्हतं. ते निवृत्त होऊन मुलीकडे ब्रिस्बेनला गेले आणि त्यांच्या खुर्चीत हा येऊन बसला.

सोमवारी मुनसामी चेहरा पाडून आत गेला. दाराबाहेर इलिएसा आणि हनीफ कान लावून.

"काय होतंय?" डॉक्टर कागदाला म्हणाला.

"मला नाही, घरच्या एकीला. नुसती रवंथ करत बसते. पाला पुढं केला तरी तोंड फिरवते."

"ताप?"

"कान गरम लागतात, साहेब."

"दूध पिते का?"

"पीत नाही. देते."

"सिरप देतो. जेवणानंतर तीनदा," असं म्हणून डॉक्टरनं कागद फाडून दिला.

इलिएसानं घागरा घातला, वांगी विकली, आणि एवढा धिप्पाड माणूस कमरेला गवत बांधून भाव करतोय हे पाहायला शेजारच्या गावांतून लोक आले. तिथंच थांबायचं होतं. पण मुनसामीनं सिरपची बाटली शेळीच्या गळ्यात बांधली आणि तिला बस थांब्यावरून मिरवलं. लोकांनी फोटो काढले. ते फोटो सुवाला कुणाकुणाच्या फोनवर पोहोचले हे गावात सगळ्यांना कळलं, आणि गाव आणखीनच हसलं.

पुढच्या आठवड्यात तो सुरूजला घेऊन गेला. ओटीवर रांग होती, दार उघडंच होतं.

"नाव?"

"सुरुजमती."

डॉक्टरचं पेन थांबलं. "बाई आहे की शेळी?"

रांग खदखदून हसली. मुनसामीही हसला. चांगली कोटी झाली की त्याला हसू आवरायचं नाही, मग ती कुणी का केलेली असेना.

"दोन वर्षं फिट नाही म्हणतेस. मग गोळी कशाला?" डॉक्टर लिहीतच बोलत होता. "या वयात बायकांना होतं असं. घाबरट मन असतं. गोळी बंद करू."

"एकदम बंद करायची नाही असं जुने डॉक्टर सांगायचे," मुनसामी म्हणाला. "फार बजावून सांगायचे, साहेब."

"मग ब्रिस्बेनला जा. पुढचा पेशंट."

परत येताना ट्रकमध्ये सुरूज खिडकीबाहेर बघत होती. नदीवरचा पूल गेला. मग म्हणाली, "तुम्हीही हसलात."

"अगं, ते आपलं..."

"हसलात," ती म्हणाली, आणि काच वर केली.

ऊसतोडीचे दिवस होते. तोडीआधी पाचट जाळायला फड पेटवायचे, आणि वुनिदामूवर दिवसभर काळी काजळी तरंगायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, रोटीच्या पिठावर, ताकात. सगळ्या गावाच्या नाकात जळक्या साखरेचा वास बसला होता. सुरूजला फिट यायची त्याआधी नेहमी जळका वास यायचा. एरवी वर्षभर कुठं धूर नसायचा, त्यामुळे ती "काहीतरी जळतंय" म्हणाली की मुनसामी असेल तिथून धावत यायचा, तिला खाली बसवायचा, चुलीजवळचं सामान बाजूला सारायचा. दोघांची ती जुनी खूण होती.

गोळ्या संपून थोडेच दिवस झाले होते. मुनसामी अंगणात ट्रकचं चाक बदलत होता.

"अहो," सुरूज स्वयंपाकघरातून म्हणाली. "काहीतरी जळतंय."

"अख्खं बेट जळतंय," तो म्हणाला. "कारखान्याला सांग, तुझ्या नाकाला त्रास होतोय म्हणून."

हे बोलून तो स्वतःशीच हसला आणि नट आवळायला लागला. तव्याचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, मांजर असेल. मग कुंपणापलीकडून हनीफ ओरडत धावत आला. तो आधी पोहोचला. सुरूज चुलीपुढे पडून ताठ झाली होती, आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत निखाऱ्यांत होता.

दवाखान्यात डॉक्टरनं तिचा भाजलेला हात नीट धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. हाताचं काम त्याचं चांगलं होतं, खोटं कशाला बोला.

"चुलीशी काम करताना भाजतंच," तो म्हणाला.

"साहेब, फिट आली. म्हणून पडली."

"तू पाहिलीस?"

"मी अंगणात होतो. हनीफनं पाहिली."

"हनीफ म्हणजे बाटली बांधलेल्या शेळीचे फोटो काढणारा?" डॉक्टरनं हातमोजे काढून डब्यात टाकले. "मुनसामी, तुझं ऐकून मी एकदा औषध दिलंय. आता मी जे डोळ्यांनी बघेन, तेवढंच खरं."

"निदान लबासाच्या मोठ्या इस्पितळात पाठवायची चिठ्ठी द्या. तिथले बघतील."

"आणि तिथं कोणतं जनावर उतरवशील?"

या वेळी रांगेतलं कुणी हसलं नाही. सुरूज पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत होती, चावली गेलेली.

मुनसामीला त्या रात्रीपासून झोप नव्हती, आणि दिवसा ट्रकमध्ये डोळे मिटायचे. सुरूज बोलता बोलता थांबायला लागली. कपात चहा ओतताना कप भरून वाहायचा आणि ती ओततच राहायची. "काहीतरी जळतंय" म्हणायचं तिनं सोडून दिलं होतं. तो विचारायचा, "वास येतोय का?" ती म्हणायची, "सगळ्यांनाच येतोय की."

इलिएसा रताळी घेऊन आला, तेव्हा त्यानं तिला भरलेल्या कपात चहा ओतताना पाहिलं. रताळी ठेवली आणि मुनसामीला ओढत बाहेर नेलं.

"सोरो कर," तो म्हणाला.

"काय?"

"यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन जा आणि डॉक्टरपुढं जमिनीवर बस. माफी माग. तो मोठ्या घराण्यातला आहे. चारचौघांत कुणी असं खाली बसलं तर त्याला पाठ फिरवता येत नाही. फिरवली तर त्याचीच आई त्याला घरात घेणार नाही."

"ते तुम्हा मूळच्या लोकांत चालतं, तवाले," मुनसामी त्याला त्याच्याच भाषेत मित्रा म्हणाला. "मी ऊस तोडायला करारावर बोटीनं आणलेल्या गिरमिट्याचा नातू."

"जन्मलास कुठं?"

"इथंच, वुनिदामूत."

"एक ध्यानात ठेव," इलिएसा म्हणाला. "मान खाली घालायची आणि त्यानं जुडीला हात लावेपर्यंत वर करायची नाही. मध्येच उठलास तर सोरो मोडला. आणि हसलास, तर मीच तुला नदीत टाकीन."

मुनसामीनं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. मागायची वेळ आली की तो एखादी गंमत करायचा आणि निसटायचा. बाजारात जाऊन त्यानं सगळ्यांत जाड मुळांची जुडी निवडली. विकणारी म्हातारी म्हणाली, "लग्न आहे का घरात?" त्यानं कोटी न करता नुसते पैसे दिले. तीही चमकून बघायला लागली.

सकाळी सुरूजला फिट आली. ती ओसरेपर्यंत दुसरी आली. मध्ये नेहमीसारखी जागी झालीच नाही, फक्त थोडे डोळे उघडले. इलिएसानं तिला उचलून ट्रकमध्ये बसवलं आणि ट्रक स्वतः चालवायला घेतला. वाटेत ती जराशी सावध झाली. मुनसामीच्या मांडीवरची जुडी बघून म्हणाली, "बसणार ना खाली?"

"बसणार."

"माझं काहीही झालं तरी उठू नका. तुम्हाला मध्येच उठायची सवय आहे."

दवाखान्याची ओटी भरली होती. इलिएसानं सुरूजला बाकावर टेकवलं आणि स्वतः शेजारी बसला. मुनसामीनं चपला पायरीखाली काढल्या. डॉक्टरच्या दारासमोर, सिमेंटवर, पोट सावरत मांडी घातली, जुडी पुढं ठेवली आणि मान खाली घातली. रांगेतल्या एकदोघांना आधी वाटलं, याचं काहीतरी नवीन. मग एक म्हातारा बाकावरून उतरून खाली बसला. त्याच्यामागे बाकीचेही. आत डॉक्टरची खुर्ची सरकली.

"साहेब," मुनसामी म्हणाला. "तुमची मी भर रस्त्यात थट्टा केली. सगळं गाव तुमच्यावर हसलं ते माझ्यामुळं. चूक माझी. ती माझ्या बायकोवर काढू नका. ती शेळीच्या वेळीही मला नको म्हणत होती. तुम्ही म्हणाल ते मी करतो, फक्त तिच्याकडं एकदा बघा."

दारात काळे बूट येऊन थांबले. मुनसामीला तेवढेच दिसत होते. बूट हलले नाहीत.

तेवढ्यात मागून आवाज सुरू झाला. टाच बाकाच्या पायावर आपटण्याचा. त्याला तो आवाज लग्नापासून ओळखीचा. इलिएसा म्हणाला, "धरलंय, धरलंय मी," आणि नर्सच्या पायांची धावपळ झाली. मुनसामीच्या मानेचे स्नायू आपोआप वळायला लागले. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले. जुडीची मुळं डोळ्यांपुढं एकातएक मिसळली. टाच आपटतच होती, जोरात, आणखी जोरात.

काळे बूट जुडीला वळसा घालून गेले.

"कुशीवर घ्या," डॉक्टरचा आवाज मागून आला, आता वेगळाच. "डोकं धरा. सिस्टर, सुई. अजून कशी थांबत नाहीये? किती वेळ झाला? अरे, कुणीतरी बोला." दुसरी सुई मागितली गेली. मग लबासाला फोन करायला सांगितलं. मुनसामी तसाच बसून होता. त्याच्या नाकावरून पाणी ठिपकत होतं आणि ते पुसायला त्यानं हातही उचलला नाही.

टाचेचा आवाज बंद पडला.

बऱ्याच वेळानं बूट परत आले. डॉक्टर त्याच्यासमोर पँटसकट सिमेंटवर बसला. त्याचा हात ओला होता, तो त्यानं जुडीवर ठेवला, आणि आपल्या भाषेत माफी स्वीकारल्याचे शब्द इतके हळू म्हटले की रांगेला ऐकू गेले नाहीत. तरी म्हाताऱ्यानं हातांची ओंजळ करून टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली, जड, सावकाश.

"गाडी येतेय," डॉक्टर म्हणाला. "मीही येतो बरोबर. तिथं मीच सांगेन."

"शुद्धीवर आली?"

"अजून नाही. श्वास चालू आहे."

मुनसामीचे पाय बधिर झाले होते. इलिएसानं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं डॉक्टरनं. सुरूजला चादरीवर आडवं केलं होतं, डोळे मिटलेले, तोंडाच्या कडेला फेस. ती बसली होती तिथं बाक ओला झाला होता आणि ते पाणी सिमेंटवर उतरून रांगेच्या पायांपर्यंत आलं होतं. मुनसामी ते बघत उभा राहिला. एवढ्या माणसांपुढं सुरूजचं हे असं व्हावं, याचं तिला केवढं वाटलं असतं.

रांगेतली पुढची बाई, मांडीवर तापलेलं पोर घेतलेली, पोराला शेजारणीकडं देऊन उठली. तिनं कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला वरचा सुलू सोडला, बाकावर टाकला, आणि आपल्याच घरी कुणाच्या हातून चहा सांडावा तसं सगळं पुसून काढलं.